त्याच्याविषयीचं एक पान लिहून ठेवा: शाळेला खुलं पत्र

माननीय मुख्याध्यापिका बाई आणि संस्थेच्या संचालक मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा तुमच्या शाळेत चौथीत शिकतो. तो 9 वर्षांचा आहे आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी शिपाईमामांनी माझ्या हातात एक पत्र दिलं. त्यात तीन वाक्यं होती. विद्यार्थ्यास यापुढे मधल्या सुट्टीपर्यंतच वर्गात बसवण्यात येईल. पूर्ण वेळ बसवायचे असल्यास पालकांनी स्वखर्चाने मदतनीस नेमावा. अन्यथा पालकांनी विशेष शाळेचा विचार करावा.

त्यानंतर मी चार अर्ज दिले. चारही अर्जांवर आवक क्रमांक पडला, पोच मिळाली, उत्तर एकाचंही आलं नाही. पाचवा अर्ज लिहायला बसले तेव्हा ठरवलं, की हे आता सगळ्यांना वाचू द्यावं. आपल्या तालुक्यात असं मूल माझ्या एकटीच्या घरात नाही. मी अंगणवाडी सेविका आहे, ती घरं मला माहीत आहेत. काही आया पोराला शाळेतून काढून गप्प बसल्या आहेत. त्यांच्यासाठीही हे लिहिते आहे.

शाळेचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही, मुलाचंही नाही. त्याचं नाव त्याचं आहे. मोठा झाल्यावर ते कुठे सांगायचं हे तो ठरवेल.

आधी तो बोलतो कसा ते सांगते, कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू झाली आहेत. त्याला तहान लागली की तो म्हणतो, ‘तुला पाणी पाहिजे का?’ लहानपणापासून आम्ही त्याला हेच विचारत आलो आणि विचारल्यावर पाणी दिलं. त्याच्या लेखी पाणी आणणारं वाक्य तेच. भूक लागली की ‘तुला भूक लागली का?’ लघवीला जायचं असलं की ‘तुला शू लागली का?’ ‘मी’ आणि ‘तू’ची अशी अदलाबदल स्वमग्न मुलांच्या बोलण्यात पुष्कळदा असते. दर शनिवारी पहाटेच्या एसटीने आम्ही पुण्याला जातो, तिथल्या स्पीच थेरपीच्या ताई त्यावर काम करत आहेत. आता ‘मला’ हा शब्द दिवसातून दोन-तीनदा येतो. बाकीच्या वेळी समोरच्याला हे माहीत असावं लागतं.

तिसरीच्या बाईंना ते माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवून घेऊन तासभर विचारलं, काय आवडतं, कशाची भीती वाटते, चिडला तर घरी काय करता. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या रोज सकाळी पाच चौकोन काढायच्या. परिपाठ, मराठी, गणित, डबा, खेळ. एकेक झालं की तो उठून त्या चौकोनावर फुली मारायचा आणि पुन्हा जागेवर येऊन बसायचा. तेव्हा शाळेची घंटा पितळेची होती. मामा टोल द्यायला वऱ्हांड्यातून निघाले की बाई म्हणायच्या, ‘मामा निघाले.’ तो कानांवर हात ठेवायचा आणि वाट बघत हसायचा. त्या वर्षात तो जोडाक्षरं वाचायला लागला. हातच्याची बेरीज शिकला. ‘मुलाला घरी घेऊन जा’ असा शाळेचा एकही फोन मला वर्षभरात आला नाही. मूल तेच आहे, शाळा तीच आहे, इमारतही तीच आहे.

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. त्यांना या मुलाबद्दल जे जे उमगलं होतं, ते त्यांच्यासोबत घरी गेलं. जूनमध्ये चौथीच्या सरांच्या हातात हजेरीपट आला, प्रगतिपत्रक आलं, त्याच्याविषयी लिहिलेली एक ओळसुद्धा आली नाही. सरांना मी दोष देत नाही. त्यांच्या वर्गात 46 मुलं आहेत, आणि त्यांना कोणी काही सांगितलंच नाही.

माझं सगळं म्हणणं इथे आहे. अंगणवाडीत आम्ही प्रत्येक लेकराचं वजन घेतो, उंची घेतो आणि लिहितो. पूर्वी रजिस्टरमध्ये लिहायचो, आता पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरतो. मी उद्या आजारी पडले आणि दुसऱ्या ताई आल्या, तरी कुठलं मूल कमी वजनाचं आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळतं. माझ्या मुलाचं शाळेतलं वर्ष मात्र जूनमध्ये कोणत्या बाई मिळतात यावर ठरतं. चांगल्या बाई लाभणं हे भाग्य झालं. शाळेची व्यवस्था भाग्यावर चालू नये.

आता या वर्षी काय काय घडलं ते सांगते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत विजेची घंटा बसवली. ती नेमकी चौथीच्या दारावर आहे. ती वाजण्याआधी कोणी चालत येत नाही, हात वर जाताना दिसत नाही. मोठा आवाज त्याला नुसता मोठा वाटत नाही, तो त्याला दुखतो. जुलैमध्ये एका दुपारी घंटा झाली तसा तो कान दाबून ओरडत पळत सुटला. बाक कलंडला, शेजारच्या मुलाच्या बोटाला लागलं, दोन टाके पडले. त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्या घरी गेलो. त्या मुलाला लागलं याचं दुःख मला आजही आहे. त्याची आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘ताई, मग त्या घंटेचंच काहीतरी करायला सांगा.’ शाळेच्या नोंदीत मात्र ‘आक्रमक वर्तन’ असं लिहिलं गेलं. घंटा अजून तिथेच आहे.

या प्रसंगाला हट्ट म्हणू नका, अशी माझी सरांना आणि सगळ्याच शिक्षकांना विनंती आहे. हट्ट करणारं मूल कोणी बघतंय का हे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. आवाज, गर्दी, उजेड सोसेनासा झाला की स्वमग्न मुलाचा तोल जातो, त्याला मेल्टडाउन म्हणतात. त्या वेळी त्याला काही मिळवायचं नसतं, त्याला तिथून सुटायचं असतं. रागावलं की ते वाढतं. दंड धरला तर आणखी वाढतं. शांत जागा मिळाली, कोणी बोललं नाही, तर दहा-पंधरा मिनिटांत ओसरतं. तो हात फडफडवतो, तेही त्याला थांबवायला सांगू नका. तो स्वतःला सावरत असतो.

त्या घटनेनंतर ऑगस्टपासून त्याला कार्यालयाबाहेरच्या खुर्चीवर बसवायला लागले. आधी एखादा तास, मग दुपारभर, मग जवळजवळ रोज. हे मला कोणी कळवलं नाही, मला ते त्याच्याकडून कळलं. शाळा सुटल्यावर मी विचारते, आज काय काय झालं? पूर्वी तो सांगायचा, ‘परिपाठ, मराठी, गणित, डबा, खेळ.’ ऑगस्टमध्ये सांगायला लागला, ‘कपाट, कपाट, फोटो, डबा, कपाट.’ मला अर्थ लागेना. एक दिवस लवकर गेले तेव्हा बघितलं. खुर्चीच्या समोर दोन कपाटं आहेत आणि त्यांच्यामध्ये संस्थापकांचा फोटो आहे. हजेरीपटावर तो त्या सगळ्या दिवसांत हजर आहे. बाई, वर्गाबाहेर काढलेलं मूल हजर कसं? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही आहे. तुमच्यापैकी कोणाच्या मनात छळ नव्हता, हे मला मान्य आहे. पण महिनोन्‌महिने कपाटाकडे तोंड करून बसलेल्या मुलाला तुमच्या मनातलं कसं कळावं?

सप्टेंबरची गोष्ट लिहिताना माझा हात थांबतो, तरी लिहिते. सर रजेवर होते, बदली शिक्षक वर्गावर होते. हा त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, ‘तुला शू लागली का?’ त्यांना ती चेष्टा वाटली. त्यांनी त्याला जागेवर बसायला लावलं. तो पुन्हा गेला, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा बसवला गेला. मग वर्गातच झाली. मुलं हसली. दुसऱ्या दिवशी रोजनिशीत शेरा आला, ‘मुलाला स्वच्छतेच्या सवयी लावाव्यात.’ अडीच वर्षांचा असल्यापासून त्याला ही सवय आहे. त्याने दोनदा सांगितलं होतं. त्याचं सांगणं कसं असतं हे एका ओळीत लिहून ठेवलेलं असतं, तर बदली शिक्षकांनाही ते कळलं असतं.

3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाची प्रभातफेरी शाळेतून निघाली. त्याला त्या दिवशी ‘घरीच ठेवा’ असा निरोप आला. स्नेहसंमेलनातल्या चौथीच्या समूहगीताच्या यादीतही त्याचं नाव नाही. सराव मोठ्या आवाजात चालतो हे मला कळतं. पण त्याला यायचं आहे का, हे कोणी विचारलं नाही. घरी ते गाणं तो रोज म्हणतो.

आणि आता हे दिवाळीनंतरचं पत्र. पहिलीपासून पाचवीपर्यंत वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवलं पाहिजे, असं शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे. साडेदहाला आलेलं मूल साडेबाराला घरी पाठवलं तर रोजचे दोन तास होतात, म्हणजे 200 दिवसांचे 400. उरलेलं कधी शिकवणार, ते पत्रात नाही. याच कायद्याचं कलम 16 म्हणतं की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. तुम्ही ‘काढलं’ असा शब्द वापरलेला नाही. पण मधल्या सुट्टीत रोज घरी पाठवायचं, पैसे भरून माणूस आणा म्हणायचं, नाहीतर दुसरी शाळा बघा म्हणायचं, याचा शेवट कुठे होतो हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

पैशांचंही स्पष्ट सांगते. पूर्ण वेळ मदतनीस बाईंनी आमच्याकडे महिना 12 हजार मागितले. माझं मानधन जवळजवळ त्यातच संपतं. मुलाचे वडील दूध डेअरीत पाळीवर आहेत. साडेबाराला मी त्याला न्यायला यायचं, तर माझी अंगणवाडी बंद करून यावं लागतं. तिथे 28 लेकरं आहेत, त्यांचा आहार असतो. एका मुलाला अर्धी शाळा देताना त्याची झळ किती घरांना बसते, याचा विचार पत्र लिहिताना झाला नसावा.

विशेष शाळेबद्दल. आपल्या तालुक्यात स्वमग्न मुलांची विशेष शाळा नाही. असती, तरी निवड आमची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यात आहे. कलम 31 सांगतं की 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळाने स्वमग्नता मोजायची 40 प्रश्नांची तपासणी करून माझ्या मुलाला 60 टक्क्यांचं प्रमाणपत्र दिलं आहे. त्याची प्रत पहिलीपासून तुमच्याकडे आहे. यू-डायसच्या, म्हणजे शासनाला दरवर्षी द्यायच्या शाळेच्या माहितीत तुम्ही दरवर्षी त्याला दिव्यांग विद्यार्थी म्हणून दाखवता. मग त्या नोंदीमागोमाग येणारं कर्तव्यही तुमचंच आहे. याच दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम 16 मध्ये ते लिहिलेलं आहे: शासनाचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेत भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय, त्या त्या मुलाला लागणारा वैयक्तिक आधार, आणि त्याची प्रगती पाहत राहणं. कलम 17 मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सोयींचा उल्लेख आहे. आपली शाळा अनुदानित आहे.

संचालक मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य मला म्हणाले, ‘माणुसकी म्हणून आपण त्याला ठेवून घेतलंय.’ त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून मी तेव्हा मान खाली घालून ऐकलं. आज सांगते. तो शाळेत ठेवून घेतलेला नाही, तो शाळेचा विद्यार्थी आहे. माणुसकी आटली की ठेवून घेतलेल्याला जावं लागतं. विद्यार्थ्याला जावं लागत नाही.

इतर मुलांच्या पालकांनाही मला बोलायचं आहे. तुमच्या मुलांना त्रास व्हावा असं मला वाटत नाही. वर्गात गोंधळ झाला, सरांचा वेळ गेला, ही तुमची तक्रार खरी आहे. पण तिसरीच्या वर्षात ही तक्रार नव्हती, हे तुमच्या मुलांनाच विचारा. फळ्यावरचे ते पाच चौकोन पुढे पुढे तुमचीच मुलं काढायची. डब्याच्या वेळी त्याच्याशेजारी बसणारी मुलगी आजही रस्त्यात भेटली की त्याला ‘मामा निघाले’ म्हणते आणि तो हसतो. या मुलांनी त्याला समजून घेतलं होतं, तेही मोठ्यांनी न सांगता.

आता मागण्या. एकही अवघड नाही.

दिवाळीनंतरचं पत्र लेखी मागे घ्या आणि त्याला पूर्ण वेळ वर्गात बसवा. मदतनीस लागणार असेल तर तो शाळेने आणि शिक्षण विभागाने मिळून ठरवावा. पालकांच्या खिशावर त्याचं शिक्षण अडवू नका. कार्यालयाबाहेरची खुर्ची आजपासून बंद करा.

15 दिवसांत एक बैठक घ्या. तिला वर्गशिक्षक, तुम्ही, आम्ही दोघं आणि गट साधन केंद्राच्या, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रातल्या विशेष शिक्षिका असाव्यात. त्या बैठकीत त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहा: या सत्रात काय शिकायचं, कशा पद्धतीने, कोण काय करणार, चाचणी कशी घ्यायची. दर सत्राला तो पुन्हा बघा. आणि त्या आराखड्याच्या वर एक पान ठेवा, जे बदली शिक्षकालाही पाच मिनिटांत वाचता येईल. माझी ही सर्वांत मोठी मागणी आहे. बाकी काही लगेच झालं नाही तरी हे पान उद्या होऊ शकतं.

घंटा चौथीच्या दारावरून हलवा. तोवर ती वाजण्याच्या दोन मिनिटं आधी त्याला सांगा. कान झाकायचं साधन आम्ही आणलं आहे, ते त्याला वापरू द्या. वाचनालयाचा मागचा कोपरा त्याला गरज पडेल तेव्हा शांत बसायला द्या. तिथे तो स्वतःहून जाईल आणि परत येईल. शिक्षा म्हणून तिथे पाठवू नका.

लेखी चाचणीत त्याला जादा वेळ आणि वेगळी खोली द्या. तोंडी प्रश्न ‘निवड’ स्वरूपात विचारा, दोन चिठ्ठ्या समोर ठेवल्या की तो बरोबर उचलतो. सगळ्या शिक्षकांसाठी आणि मामा-मावशींसाठीही एक अर्ध्या दिवसाची ओळख ठेवा. गेटवर त्याला सगळ्यात आधी तेच भेटतात.

स्नेहसंमेलनाचं त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर आमचं काही म्हणणं नाही.

हे पत्र जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडेही जात आहे, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. साहेब, गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षिका या वर्षी आमच्या शाळेत दोनदा आल्या. दोन्ही वेळा त्या जीव ओतून बोलल्या आणि दोन्ही वेळा पुढच्या शाळेची एसटी गाठायला धावल्या. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलेलं आहे: प्राथमिकला 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, त्यापुढे 15 मागे एक. 7 मार्च 2025 ला न्यायालयाने राज्यांना ही पदं अधिसूचित करून भरती करायला पुन्हा बजावलं. आपल्या तालुक्यात किती पदं मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, हे शाळेच्या फलकावर लावावं. सगळ्याच पालकांना ते कळायला हवं.

पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते, हे मला माहीत आहे. अर्जाचा मसुदा तयार आहे. 15 दिवसांत बैठक झाली, तर तो पाठवायची गरज पडणार नाही. मला शाळेशी लढायचं नाही. माझे वडील याच शाळेत शिकले, मी शिकले. मला त्याला याच शाळेच्या दारातून सातवीपर्यंत रोज आत जाताना बघायचं आहे.

सोमवारी साडेदहाला मी त्याला घेऊन येईन. पाच वाजता न्यायला येईन.

तुमच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याची आई

सोबत: तिसरीच्या बाईंना विचारून लिहिलेलं एक पान. सरांसाठी, आणि सर रजेवर असतील त्या दिवशी येणाऱ्यांसाठी.

सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचे चौकोन काढावेत. बदल होणार असेल तर तो चौकोन पुसून नवा काढावा, त्याला दाखवून.

एका वेळी एकच सूचना द्यावी. उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजावं. तो दुसरीकडे बघत असला तरी ऐकत असतो.

पंख्याखाली बसवू नये. भिंतीकडची जागा बरी.

पाठीवर थाप नको. हात पुढे केला तर तो स्वतः टाळी देतो.

कान दाबले की त्याला आवाज सोसत नाही. वाचनालयाकडे बोट दाखवावं, बोलू नये.

‘तुला पाणी पाहिजे का?’ म्हणजे त्याला पाणी हवं आहे.

‘तुला शू लागली का?’ म्हणजे त्याला लागली आहे. लगेच जाऊ द्यावं.